‘डेटा इंटिग्रिटी’: सचोटी, अखंडता की धडपणा?

प्रश्न
जुन्या रिलेशनल (तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या) डेटाबेसची रचना उकलून ती नव्याने कशी बांधावी, यावर मराठीत पुस्तिका लिहितो आहे. ‘डेटा इंटिग्रिटी’पाशी (डेटा नियमांत बसणारा आणि आपसांत जुळता असणे) अडलो. सचोटी, एकात्मता, अखंडता असे पर्याय मिळाले, एकही पटत नाही. ‘री-इंजिनीअरिंग’ला ‘पुनर्रचना’ चालेल का?

प्रतिसाद १
सचोटी माणसाची असते, तक्त्याची नाही. एकात्मता म्हटले की विखुरलेला डेटा एकत्र आणणे डोळ्यांपुढे येते, आणि ते इंटिग्रेशन झाले. अखंडता जवळची वाटते खरी, पण ‘अखंड वीजपुरवठा’ म्हणतो तेव्हा न थांबणारा असेच आपल्याला सांगायचे असते. वाचक समजेल, डेटाबेस कधी बंद पडत नाही.

इंटिग्रिटीच्या मुळाशी लॅटिन ‘इंटेगर’ आहे: ज्याला धक्का लागला नाही, जे पुरते आहे ते. पूर्णांकाचा ‘इंटिजर’ तिथलाच. या अर्थाचा आपला शब्द आहे ‘धड’. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण बिघडलेल्या रचनेला नेमकी लागू पडते. ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये सभासदाचा पत्ता देवघेवीच्या प्रत्येक ओळीत लिहिला असेल, तर तो बदलताना चार ओळी सुधारतात, पाचवी राहते. मग खरा पत्ता कोणता? सभासदाची नोंद पुसली आणि देवघेवीत त्याचा क्रमांक तसाच राहिला, तर ती नोंद पोरकी होते. (‘ऑर्फन’साठी ‘पोरकी नोंद’ जरूर वापरा, ‘अनाथ’पेक्षा ते तोंडात बसते.) परकी किल्ली (‘फॉरिन की’, म्हणजे देवघेवीतला क्रमांक सभासदांच्या तक्त्यात असलाच पाहिजे हा नियम) लावलेली असती, तर देवघेव शिल्लक असताना डेटाबेसने सभासद असा पुसू दिलाच नसता.

‘सत्यता’ मात्र लिहू नका. जन्मसाल १९५८ ऐवजी १९८५ टंकले, तर एकही नियम मोडत नाही. डेटा धड आहे, पण खोटा आहे. रचना कितीही सुधारली तरी हा खोटेपणा तिला पकडता येत नाही, आणि हा फरक वाचकाला शब्दातूनच कळला पाहिजे.

प्रतिसाद २
‘धड’ आज बहुधा नकारातच येतो: धड बोलत नाही, धड चालत नाही. ‘धडपणा’ शीर्षकात अवघडेल.

प्रतिसाद १
‘धडधाकट’ नकारात येत नाही. दोन-तीनदा वापरला की रुळेल.

प्रतिसाद ३
‘पुनर्रचना’ रीस्ट्रक्चरिंगसाठी राखून ठेवा. सॉफ्टवेअर-तज्ज्ञ चिकोफ्स्की आणि क्रॉस यांनी १९९० साली या संज्ञा वेगळ्या केल्या. रीस्ट्रक्चरिंगमध्ये बाहेरून दिसणारे वागणे तेच राहते, फक्त मांडणी बदलते. री-इंजिनीअरिंगमध्ये आधी जुन्या व्यवस्थेची उकल करायची, मग ती नव्या रूपात उभी करायची. त्याला ‘फेरबांधणी’ म्हणावे.

‘नॉर्मलायझेशन’ला (एकच माहिती अनेक ठिकाणी राहू नये म्हणून तक्ते विभागणे) ‘सामान्यीकरण’ म्हणू नका. तो शब्द जनरलायझेशनचा (अनेक प्रकारांतले समान गुण एका व्यापक प्रकारात घेणे) आहे, आणि डेटाबेसच्या आराखड्यात दोन्ही कल्पना लागतात. ‘प्रसामान्यीकरण’ जड आहे, पण घोटाळा करत नाही. ‘रिलेशनल’मधले ‘रिलेशन’ही तक्त्या-तक्त्यांमधले नाते नव्हे. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉड यांनी १९७० च्या लेखात ते गणितातून घेतले. तिथे संबंध म्हणजे खुद्द तक्ताच.

सर्वांत जपून लिहायचा शब्द ‘बंधन’ (कन्स्ट्रेंट, म्हणजे डेटाने पाळायचा नियम). बंधन लिहिणे, लागू करणे आणि पडताळणे या तीन वेगळ्या क्रिया आहेत. मायएसक्यूएल ही डेटाबेस-प्रणाली ८.०.१६ या आवृत्तीच्या आधी ‘चेक’ बंधन (मूल्य ठरलेल्या अटीत बसते का हे पाहणारे) वाचून घेई आणि सोडून देई. एसक्यूलाइटमध्ये परक्या किल्ल्यांची तपासणी साधारणतः प्रत्येक जोडणीत (कनेक्शनमध्ये) आपण सुरू करावी लागते. पोस्टग्रेसमध्ये ‘नॉट व्हॅलिड’ लिहून बंधन घातले, तर नव्या ओळींना ते लगेच लागू होते, जुन्यांची पडताळणी नंतर करता येते. फेरबांधणीत याचा फार उपयोग होतो, कारण जुन्या डेटात पोरक्या नोंदी सापडतातच. म्हणून ‘बंधन आहे’ एवढेच लिहून थांबू नका.

प्रश्नकर्ता
फेरबांधणी, पोरकी नोंद आणि धडपणा घेतो. पहिल्या उल्लेखात शेजारी ‘इंटिग्रिटी’ देईन. ‘नल’ला ‘रिकामे’ चालेल?

प्रतिसाद ३
नको. रिकामा मजकूर हे मूल्य आहे, नल म्हणजे मूल्यच नोंदलेले नाही. ओरॅकल ही डेटाबेस-प्रणाली मात्र रिकाम्या मजकुरालाही नलच मानते, तेव्हा तिथे वेगळी टीप लागेल. ‘नल’ तसाच ठेवा.