मदत हवी आहे: जुन्या पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून खडखड, कापाकापीआधी खात्री कशी करावी?

माझ्याकडे २०११ साली पुण्यात नोंदवलेली, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, भारत स्टेज ४ मानकाची लहान गाडी आहे. नोकरीच्या निमित्ताने मधली काही वर्षे ती रत्नागिरीत होती, त्यामुळे खालच्या बाजूला गंज बऱ्यापैकी चढलेला आहे. गेल्या काही आठवड्यांपासून सकाळी थंड इंजिन सुरू केले की पुढून, बॉनेटच्या खालून, पत्रा थरथरल्यासारखी खडखड ऐकू येते. इंजिन तापले की ती बरीच कमी होते, पण सिग्नलला थांबून एसी लावला, किंवा इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला दोन हजारांच्या आसपास आल्या, की पुन्हा सुरू होते.

या गाडीत कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) मागे सायलेन्सरपाशी नसून एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या जोडाला, लागूनच आहे आणि त्यावर पातळ पत्र्याची हीट शील्ड (उष्णता अडवणारे आवरण) आहे. तिचा एक बोल्ट गंजून तुटलेला दिसतो. आवाजाचे एकंदर वागणे पाहता दोष शील्डचाच असावा, असे मला प्रथम वाटले. मात्र इंजिन पूर्ण थंड असताना, शील्ड हाताने घट्ट दाबून धरून, कन्व्हर्टरच्या अंगावर रबरी हातोडीने हलके ठोकले, तेव्हा डब्यात खडे हलावेत तसा मंद आवाज आतूनही आल्यासारखा वाटला. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार सिरॅमिक वीट तिच्याभोवतीच्या चटईसारख्या अस्तरामुळे जागेवर बसलेली असते. ते अस्तर झिजले की वीट सैल होऊन कवचावर आपटते आणि पुढे तिचे तुकडे पडतात, हे मला माहीत आहे. शंकेचे आणखी एक कारण असे की मागच्या पावसाळ्यात एक इग्निशन कॉइल निकामी झाली होती आणि ती बदलेपर्यंत इंजिन मिसफायर होत होते. अशा वेळी न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आणि वीट वाजवीपेक्षा कितीतरी जास्त तापते.

दोन ठिकाणी गाडी दाखवली. पहिल्या गॅरेजने काहीही न तपासता कन्व्हर्टर काढून त्या जागी सरळ पाइप वेल्ड करण्याचा सल्ला दिला आणि ‘जुना भाग आम्हीच ठेवून घेऊ’ असे वर सांगितले. आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असताना हे औदार्य कशासाठी, हे वेगळे सांगायला नको. तो मार्ग मला मुळीच नको आहे. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल गाडीला पीयूसीमध्ये आयडलला (गाडी उभी, इंजिन सुरू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच मर्यादा असते, शिवाय पंधरा वर्षे पूर्ण होत असल्याने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत न्यायची आहे. दुसऱ्या गॅरेजने संपूर्ण मॅनिफोल्डसह नवा मूळ भाग बसवायला सांगितले. त्याचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीकडे पाहता मोठा आहे, आणि त्यांनीही निदान केवळ कानांनीच केले.

स्कॅनर लावला असता कोणताही कोड आला नाही, पण त्यावर मी विसंबत नाही. आपल्याकडे ओबीडी-२ (प्रदूषण नियंत्रणातले दोष गाडीनेच ओळखण्याची प्रणाली) एप्रिल २०१३ पासून आले. माझ्या गाडीत कन्व्हर्टरच्या पुढे एकच ऑक्सिजन सेन्सर आहे, मागे नाही, म्हणजे कन्व्हर्टरचे काम कसे चालले आहे हे पाहायला ईसीयूकडे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाकडे) साधनच नाही. पीयूसीचे आकडे मर्यादेच्या आत आहेत. मायलेजमध्ये फरक जाणवत नाही, परंतु खंबाटकी घाट चढताना गाडी पूर्वीपेक्षा जड वाटते. हा शंकेने आलेला भास आहे की वीट तुटून वाट तुंबू लागल्याचे लक्षण, हे मला ठरवता येत नाही.

माझा विचार असा आहे की आधी शील्डला स्टेनलेस स्टीलची मोठी होज क्लिप आवळून तो आवाज बंद करावा. त्यानंतर ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी गेज लावावा आणि बॅक प्रेशर, म्हणजे धुराची वाट अडल्याने कन्व्हर्टरच्या अलीकडे साठणारा दाब, मोजावे. आयडलला साधारण दीड पीएसआयच्या आत आणि २५०० फेऱ्यांना तीनच्या आत दाब असेल तर वाट मोकळी आहे, असे मी समजतो. मात्र दाब ठीक आला तरी सैल वीट ठीक आहे असे त्यावरून म्हणता येणार नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे. सेन्सरच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून विटेचा पुढचा भाग कोणी पाहिला आहे का? मॅनिफोल्डला चिकटलेल्या कन्व्हर्टरची भुकटी उलट इंजिनात ओढली जाऊन सिलिंडरला ओरखडे पडल्याच्या तक्रारी काही परदेशी गाड्यांबाबत वाचल्या आहेत. लहान इंजिनात हा धोका कितपत खरा मानावा, आणि तपासणी होईपर्यंत गाडी शहरात चालवणे योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बाजारात मिळणारे स्वस्त, सर्वांना बसणारे कन्व्हर्टर कोणी वेल्ड करून घेतले असल्यास, वर्षभरानंतरच्या पीयूसीचे त्यांचे प्रत्यक्ष आकडे मिळाले तर मला निर्णय घेणे सोपे जाईल. पुणे परिसरात बॅक प्रेशर गेज वापरून तपासणी करणारे गॅरेज माहीत असल्यास कृपया व्यक्तिगत संदेशातून कळवावे.