अँडरसन निवाऱ्याचा पातळ पत्रा स्फोटाचा दाब कसा सोसत असे?

प्रश्न
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये घरोघरच्या परसात बसवलेले अँडरसन निवारे म्हणजे कमानीसारखे वाकवलेले पन्हळी पोलादी पत्रे होते. ते जमिनीत सुमारे १.२ मीटर पुरून वर सुमारे ३८ सेंटिमीटर माती टाकत. जवळच्या स्फोटात एवढा पातळ पत्रा टिकावा, हे तुळईच्या गणिताने पटत नाही. काँक्रीटची जाड पेटी अधिक सुरक्षित ठरली नसती काय?

उत्तर १
तुळईच्या गणितात माती हा केवळ भार असतो; येथे ती रचनेचाच भाग आहे. छत किंचित दबले की मातीतील घर्षणामुळे भार बाजूच्या स्थिर मातीकडे वळतो. मृदा-यांत्रिकीचे अभियंते कार्ल टेरझाघी यांनी १९३६ मध्ये वाळूखालच्या सरकत्या झडपेच्या प्रयोगातून ही कमानक्रिया दाखवून दिली होती.

उत्तर २
तत्त्व मान्य आहे, परंतु सुमारे १.३५ मीटर रुंदीच्या निवाऱ्यावर ३८ सेंटिमीटरचा थर उथळच म्हणावा लागेल, त्यामुळे कमानक्रियेला येथे फार श्रेय देता येणार नाही. माझ्या मते खरे काम वस्तुमानाने केले. हवेतील स्फोटाचा दाब काही मिलिसेकंदच टिकतो, म्हणून महत्तम दाबापेक्षा आवेग, म्हणजे दाब आणि तो टिकण्याचा काळ यांचा एकत्रित परिणाम, पाहावा. त्या थराचे वजन दर चौरस मीटरला सहाशे किलोच्या पुढे जाते आणि तेवढ्याच आवेगाने छताला मिळणारा वेग नुसत्या पत्र्याच्या तुलनेत अगदी अल्प राहतो. शिवाय बाजूच्या मातीचा आधार असल्याने वक्र पत्र्यात वाकण्यापेक्षा दाबबल अधिक निर्माण होते, आणि ते पोलाद सहज पेलते. थेट आघात सोसण्याची मात्र त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती.

उत्तर ३
पेटीबद्दलचा प्रश्न राहिला. स्फोट जमिनीतच झाला, तर मातीतून येणारा तरंग ताठर भिंतीवरून परावर्तित होऊन तेथील दाब तत्त्वतः दुपटीपर्यंत जाऊ शकतो. भिंत मागे सरकू लागली की तिचा वेग आणि मातीचा तरंग-प्रतिरोध (घनता गुणिले तरंगाचा वेग) यांच्या गुणाकाराइतका तो उतरतो. म्हणजे जाडी वाढवण्याइतकेच महत्त्व लवचीकतेला आहे, आणि काँक्रीटच्या पेटीतही ती पुरेशा सळया घालून आणता येते.

मातीतील पाणी विसरू नये. स्फोटकाचे वजन तेच ठेवून अंतर दुप्पट केले, तर दाब अंतराच्या ज्या घाताने घटतो तो कोरड्या सैल वाळूत ३ च्या आसपास धरल्यास दाब आठपट घटेल. संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भरलेल्या, चिकणमातीत तो १.५ धरल्यास तिपटीहूनही कमी. अँडरसन निवाऱ्यांत पाणी साचण्याची तक्रार सर्वत्र होती, हेही येथे आठवते. म्हणून असा निवारा तपासताना आपण भूजलपातळीच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या अशा दोन्ही स्थिती गृहीत धरून स्वतंत्र गणिते करावीत.