दुबईत शेवेचा कारखाना काढायचाय, पण परवाना ट्रेडिंगचा निघाला. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरचे. सांवेर रोडला आमचा नमकीनचा छोटा कारखाना आहे: लौंग शेव, लसूण शेव, मिक्स्चर. सासऱ्यांनी एका कढईवर सुरू केलेलं काम आता मी आणि माझे दीर बघतो. दुबईच्या दुकानांत माल जातो, पण बोटीने पोचेपर्यंत लसणीचा वास उतरलेला असतो. म्हणून तिथेच तळायचं ठरवलं. २०२१ पासून मेनलँडवर, म्हणजे फ्री झोन सोडून बाकी दुबईत, बहुतेक धंद्यांना स्थानिक भागीदार लागत नाही, तेव्हा हिंमत केली.

तिथल्या एका सल्लागाराला काम दिलं. 'महिन्यात लायसन्स हातात' म्हणाला आणि दिलंही. भाच्याने कागद नीट वाचला, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात फक्त 'फूडस्टफ ट्रेडिंग' निघालं. म्हणजे विकायला परवानगी, तळायला नाही! विचारलं तर म्हणतो, 'नंतर बदलून घेऊ.' इकडे दुबईतल्या गोदामाचं भाडं सुरू झालंय आणि वर्षभराचे पुढच्या तारखांचे चार चेक देऊन बसलोय. रात्री झोप लागत नाही.

याच परवान्यात उत्पादन जोडून मिळतं का, की सगळं नव्याने करायचं? की सरळ जबल अली बंदराजवळच्या फ्री झोनमध्ये (सीमाशुल्क आणि परवान्याचे वेगळे नियम असलेल्या क्षेत्रात) जावं? ज्यांनी स्वतः कारखाना टाकलाय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी शारजात पॅकिंगच्या धंद्यात आहे. परवान्याचं नंतर बघा, आधी गोदाम बघा. ती जागा उत्पादनाला मंजूर नसेल, तर कुठलाही अर्ज पुढे सरकणार नाही. ट्रेडिंग हा कमर्शियल प्रकार, कारखान्याला इंडस्ट्रियल लागतं. त्यासाठी प्राथमिक मंजुरी, मग जागेचा नकाशा. तुमचं तर तळण्याचं काम. भट्टी कुठे, धूर कुठून बाहेर जाणार, सांडपाण्याच्या वाटेवर ग्रीस ट्रॅप (तेल अडवणारी टाकी) कुठे, बेसनाची पोती आणि तयार माल वेगळा कसा ठेवणार, हे सगळं नगरपालिकेचा अन्न विभाग नकाशावर बघतो. सिव्हिल डिफेन्स, म्हणजे तिथलं अग्निशमन खातं, आगीच्या बाजूने वेगळं बघतं. नकाशा मंजूर होईपर्यंत एक कढईसुद्धा विकत घेऊ नका.

फ्री झोनमध्ये सोपं पडतं, पण तिथून दुबईच्या दुकानात माल आणला की तो आयातच धरतात आणि साधारण ५ टक्के ड्युटी लागते. तुमचं गिऱ्हाईक शहरातच असेल तर मी मेनलँडच म्हणेन. शिवाय उद्योग मंत्रालयाचा उत्पादन परवाना मिळाला की यंत्रं आणि कच्च्या मालावर ड्युटीत सवलत मागता येते.

प्रतिसाद २

इकडची, भारतातली बाजूही सांभाळा. पैसे फर्मच्या खात्यातून जाणार असतील तर २०२२ चे परदेशी गुंतवणुकीचे नियम लागू होतात. पहिली रक्कम पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक) घ्या. भागीदारी फर्म नोंदणीकृत आहे ना, तेही बघा. तिथल्या सह्यांसाठी कोणाला मुखत्यारपत्र देणार असाल, तर त्याला नुसतं अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून मिळणारा एकच शिक्का) चालणार नाही, दिल्लीत विदेश मंत्रालय आणि मग यूएई दूतावास, दोन्ही शिक्के लागतील.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. फर्म नोंदणीकृत आहे, यूआयएनसाठी उद्याच बँकेत जाते. तुमचं वाचून भाच्याकडून गोदामाच्या इजारीचा (दुबईतल्या नोंदणीकृत भाडेकराराचा) फोटो मागवला. वापराच्या रकान्यात 'स्टोरेज' लिहिलंय. दुसरा चेक वटायला अजून पाच आठवडे आहेत. मालकाकडे आधी वापर बदलण्याची लेखी परवानगी मागू, की तो जागा सोडायला सांगेल या भीतीने आधी दुसरं गोदाम बघून ठेवू? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.