खेळून आल्यावर मागचे पाय थरथरतात, नुसता दमतोय की आणखी काही?

सांजवारा

आमचा वाघ्या लॅब्रॅडॉर आहे, सात वर्षं पूर्ण झाली. चेंडू म्हणजे त्याचा जीव की प्राण. हल्ली मैदानावरून आला की पाण्याच्या भांड्यापाशी उभा राहतो आणि मागच्या मांड्या थरथरायला लागतात. हात ठेवला की कातडीखाली ताणलेली तार झंकारावी तसं लागतं. आडवा झाला की थोड्या वेळात थांबतं. हाक मारली तर बघतो, शेपूट हलवतो, जेवणही व्यवस्थित आहे. उजवी बाजू जास्त थरथरते असं मला वाटतं.

घरात सगळ्यांचं एकच, वय झालं, दमतो. मला ते पटत नाही. गेल्या वर्षी याच्या दुप्पट पळायचा आणि तेव्हा असं काही नव्हतं.

कोणी पाहिलंय का असं? ग्लुकोजचं पाणी द्यावं का? आपल्या अंगदुखीच्या गोळीचा तुकडा चालेल का?

रानवाट

गोळी अजिबात नको, आधी तेवढं ऐका.

लॅब म्हटल्यावर मला ईआयसी आठवला, व्यायामानंतर कोसळण्याचा आजार. आमच्या ताराला होता. वर्षाची असताना सुरू झाला. जोरात चेंडू आणायला लावला की काही मिनिटांत मागचे पाय फाकायचे, मग लटपटायचे, मग सरळ फरफटायचे. तरी ही पुढच्या दोन पायांवर अंग ओढत चेंडूकडे निघालेली! शुद्ध पूर्ण असायची. अर्ध्या तासात उठून नेहमीसारखी. बघणाऱ्याचा मात्र जीव खालीवर व्हायचा.

हा जनुकातला दोष आहे, डीएनएम१ नावाच्या. २००८ साली सापडला. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच त्रास होतो. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना देता येतो. आम्ही चेंडू कायमचा बंद केला, पट्ट्याला धरून फिरवत राहिलो आणि ती म्हातारी होईपर्यंत मजेत जगली. एकदा तपासून घ्या.

पाणवठा

मी जनावरांचा डॉक्टर आहे. कुत्र्याला हात लावल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टींनी माझे कान टवकारले: हे नव्याने सुरू झालंय आणि एक बाजू जास्त आहे.

रानवाट यांनी लिहिलंय ते अगदी बरोबर, पण ईआयसी बहुतेक वेळा तरुणपणीच दिसतो, तीन वर्षांच्या आत. शिवाय त्यात थरथरीपेक्षा पाय लुळे पडणं मुख्य असतं आणि तेही खेळ चालू असताना किंवा लगेच नंतर. सातव्या वर्षी पहिल्यांदा, उभं असताना, एका बाजूला जास्त, असं असेल तर मी आधी सांध्यांकडे बघेन.

सवयीपेक्षा जास्त पळाल्यावर निरोगी स्नायूही थोडा वेळ थरथरतात. पण पळणं तेवढंच किंवा कमी, आणि थरथर नवी, म्हणजे मध्ये काहीतरी बदललंय. गुडघा किंवा खुबा दुखत असला की कुत्रा भार पुढच्या पायांवर टाकतो. मागचा स्नायू वापराविना रोडावतो आणि रोडावलेला स्नायू लवकर थकतो. कुत्रा विव्हळेलच असं नाही. खेळाच्या नादात लॅब दुखणं कळूच देत नाही.

घरी एवढं करा. तो सरळ उभा असताना मागे बसा आणि दोन्ही मांड्या एकाच वेळी दोन्ही हातांनी धरा. बारीक कोणती, ते डोळ्यांपेक्षा हातांना लवकर कळतं. बसताना एक पाय बाहेर काढून बसतो का, झोपून उठताना वेळ घेतो का, एखाद्या पंजाची नखं जास्त झिजलीत का, तेही बघा. आणि थरथरीचा व्हिडिओ काढा. माझ्या टेबलावर आलेलं कुत्रं हमखास थरथरायचं थांबतं!

ग्लुकोज आपल्या मनाने नको. वयस्क कुत्र्यात स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ होऊ शकते. उपाशीपोटी किंवा व्यायामानंतर साखर घसरते, कुत्रं थरथरतं, झोकांड्या खातं, नजर हरवल्यासारखी होते आणि खाल्ल्यावर सावरतं. वाघ्याचं तसं दिसत नाही, तरी रक्तातली साखर, सोडियम-पोटॅशियम आणि कॅल्शियम एकदा बघितलेलं बरं. स्नायूंना इजा झाली का हे सांगणारं सीके मात्र काही तासांतच उतरायला लागतं, त्यामुळे ते रक्त थरथर झाली त्याच दिवशी द्या.

माणसांच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगतो. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलने यकृत आणि तांबड्या पेशी बिघडतात. तुकडासुद्धा नको.

आणि वाट बघायची नाही अशी लक्षणं: धाप थांबतच नाही, हिरड्या लालभडक किंवा पांढुरक्या, उलट्या, तोल जाणं, हाकेला ओ नाही. हा उष्माघात असू शकतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस. खेळल्यावर ते वाढतंच, पण वरच्या लक्षणांबरोबर ४० च्या वर असेल तर आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मग गाडीत घाला. लघवी काळपट तपकिरी झाली तर स्नायू तुटताहेत असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सांजवारा

गोळी दिलेली नाही. तुम्ही सांगितलंत तशा मांड्या धरून बघितल्या. उजवी चक्क बारीक आहे, घरातल्यांनाही हाताला लागलं. बसतानाही तोच पाय बाजूला टाकतो. आम्ही म्हणायचो, ऐटीत बसतो!

पाणवठा

मग गुडघा तपासून घ्या. आतलं क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना धरून ठेवणारा चिवट पट्टा, अर्धवट फाटलं की अगदी असंच दिसतं आणि लॅबमध्ये हे पुष्कळ आढळतं. नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नका, लिगामेंट त्यात दिसत नाही. सांध्यात आलेली सूज तेवढी दिसते. झोपेचं औषध देऊन गुडघा हलवून बघावा लागतो, कारण जागा असताना कुत्रं पाय ताठ धरतं. तोवर चेंडू बंद.

सांजवारा

जाऊन आलो. उजवा गुडघा सुजलाय, लिगामेंट अर्धवट फाटलंय. खुबे चांगले आहेत, रक्तातही काही नाही. वजन उतरवायला सांगितलंय, शस्त्रक्रियेचं पुढच्या भेटीत ठरेल. चेंडू कपाटात ठेवलाय, तर तो कपाटासमोर बसून राहतो, बघवत नाही. पोहायला नेलं तर चालेल का?

पाणवठा

आत्ता नको. पोहण्यापेक्षा पाण्यात शिरताना आणि बाहेर येताना पाय घसरतो आणि अर्धवट फाटलेलं पूर्ण फाटतं. सध्या आखूड पट्ट्यावर, सपाट जागी, थोडा थोडा वेळ पण दिवसातून अधिक वेळा चालवा. जिने आणि सोफ्यावरच्या उड्या बंद. फरशी गुळगुळीत असेल तर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंज्या टाका. डावा गुडघाही दर भेटीत तपासायला सांगा, पुष्कळ कुत्र्यांत पुढेमागे तोही जातो. आणि चेंडू कपाटात नको, त्याच्या नजरेला पडणार नाही असा ठेवा. त्याऐवजी खाऊ लपवून नाकाने शोधायला लावा. लॅबचं डोकं त्यात चांगलं रमतं आणि गुडघ्यावर ताणही येत नाही.