राजगड ते तोरणा एका दिवसात: पन्नाशीत जमेल का?

शेवंती
नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, वय ५१. कळसूबाई दोनदा झालंय, हरिश्चंद्रगड खिरेश्वरकडून एकदा, आणि राजगड तीनदा, तिन्ही वेळा पाली दरवाज्याने. दर वेळी संजीवनी माचीच्या टोकाला जाऊन समोरच्या तोरण्याकडे बघत बसते. मधली ती डोंगराची सोंड नजरेने कितीदा चालून झाली. या डिसेंबरात ती पायांनी चालायची आहे.

सोबत पुतणी आहे, २३ वर्षांची, रोज पळणारी. मुक्काम न करता, पहाटे सुरू करून अंधाराआधी उतरायचं असं डोक्यात आहे. उजवा गुडघा उतारावर थोडा कुरकुरतो, चढावर काही त्रास नाही. कुठल्या गडापासून सुरू करू? पाणी किती घेऊ? आणि मध्येच नाही जमलं तर बाहेर पडायला वाट आहे का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

दगडफूल
ताई, नक्की जमेल. मी तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याकडून सुरू करा म्हणेन. तोरण्याची चढण सगळ्यात मोठी, ती पहाटेच्या गारव्यात संपते. दिवसाच्या शेवटी राजगडावर पोचता, तिथून पायथ्याच्या गुंजवणे गावाची वाट तुमच्यासारख्यांना परकी नाही. आम्ही चौघे सात तासांत गेलो होतो, पण आम्ही पंचविशीतले आणि पाठीवर फार ओझं नव्हतं. तुम्ही दहा-अकरा तास धरा.

कारवी
शेवंतीताई, मी ही वाट तीनदा चाललोय. २०१६ साली नोव्हेंबरात पहिल्यांदा गेलो, त्यात आमचं चुकलं. ते आधी सांगतो, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

मी आणि माझा मेहुणा. गुंजवण्यातून निघायलाच साडेसात वाजले. चोर दरवाज्याने पद्मावती माचीवर आलो, तिथे पोहे, चहा, फोटो. संजीवनी माची नुसती चालायलाच अडीच किलोमीटर. त्यातून ते चिलखती बुरूज, दुहेरी तटाच्या मधल्या बोळातून फिरायचा मोह कुणाला आवरतो? आळू दरवाज्याबाहेर पडलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तिथून खाली मुरमाचा घसारा. त्यावर वाळलेलं गवत झोपलेलं असतं, पाय ठेवला की सरळ दहा फूट खाली. सोंडेवरच्या खिंडीत वेल्हे-भुतोंडे डांबरी रस्ता आडवा येतो, तिथे पोचायला तीन वाजले. माणशी दोन लिटर पाणी घेतलं होतं, त्यातलं अर्धी बाटली उरलेलं.

तिथेच थांबायला हवं होतं. समोर तोरणा एवढा जवळ दिसतो की आता काय, आलोच, असं वाटतं. आम्ही पुढे गेलो. बुधला म्हणजे तोरण्याच्या माचीवरचा सुळका, त्याच्या चढाखाली मेहुण्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. उभाही राहता येईना. वरच्या झापात, म्हणजे डोंगरातल्या झोपडीत, एक मावशी होत्या. त्यांनी काही न विचारता तांब्याभर ताक आणि मीठ आणून दिलं. त्या मिठाने तो उठला. लोखंडी शिडीवर अंधार पडायला लागला, आणि मेंगाई देवीच्या देवळातून बिनी दरवाज्याने वेल्ह्यात उतरलो ते एका बॅटरीवर, रात्री पावणेदहाला. घरचे पोलिसांत जायच्या तयारीत होते. तो दिवस आठवला की अजून छातीत धस्स होतं.

पुढच्या दोन्ही वेळा खिशात छोटी वही ठेवली आणि वेळा लिहिल्या. २०१९च्या डिसेंबरातल्या देतो: गुंजवणे ५.१०, चोर दरवाजा ७.२०, संजीवनीचं टोक ९, आळू दरवाज्याखाली सोंडेवर ९.५०, डांबरी रस्ता १२.०५, शिडी ३.१०, बुधला माची ३.४०, मेंगाई ४.४५, वेल्हे ७. शेवटचा तासभर बॅटरी लागलीच, डिसेंबरात सहाला दिवस मावळतो.

म्हणून माझा एकच नियम: डांबरी रस्ता दुपारी साडेबाराच्या आत. उशीर झाला तर रस्त्याने वेल्ह्याकडे वळायचं. सबंध वाटेत गाडीपर्यंत पोचायची तेवढी एकच जागा आहे. ती ओलांडली की पुढे जाणं आणि मागे येणं सारखंच अवघड.

दगडफूल यांचं वेल्ह्याकडून सुरू करायचं म्हणणं मला पटत नाही, निदान तुमच्या गुडघ्यासाठी तरी नाही. बुधल्याखालचा कातळ आणि शिडी चढून जाणं सोपं, उतरणं अवघड. राजगडाकडून गेलात तर ती चढ म्हणून येते. दुपारचं ऊन मात्र तोंडावर येतं, टोपी मोठ्या काठाची घ्या.

पाणी माणशी चार लिटर. पद्मावतीवर भरून घ्या, मध्ये भरवशाचं काही नाही. मीठ-साखरेच्या पुड्या, दोन काठ्या. मोजे जाड आणि उंच हवेत. या दिवसांत गवताला कुसळं असतात. ती विणीतून आत शिरतात आणि पावलागणिक टोचत राहतात. एकदा खिंडीत बसून मी नखांनी एकेक काढत होतो, वीस मिनिटं गेली. वरून प्लास्टिकची पिशवी बांधली तर पाय घामाने घसरतो, तो प्रयोग करू नका.

वेल्हेकर
कारवीदादांनी सगळं बरोबर सांगितलंय. मी इथलाच, तीन गोष्टी वाढवतो. बुधल्याच्या आणि गडाच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, सेंट लावून येऊ नका, खाली चूल पेटवू नका, आरडाओरडा नको. दुसरं, सोंडेवर ढोरवाटा फार. गुरं दोन्ही अंगांना खाली उतरतात, माणसाची वाट धारेवरून जाते. आपण खाली खाली चाललोय असं वाटलं की मागे फिरा, पुन्हा धार गाठा. तिसरं, झापावरची माणसं पाणी-ताक द्यायला नाही म्हणत नाहीत, पण उन्हाळ्याकडे त्यांनाही पाणी डोक्यावरून आणावं लागतं. ताकाचे पैसे आग्रहाने द्या.

शेवंती
सगळ्यांचे आभार. कारवीदादा, गाडी कुठे ठेवू? आणि पुतणी पुढे निघून गेली, मी मागे राहिले तर?

कारवी
गाडी वेल्ह्यात ठेवा आणि पहाटे तिथून गुंजवण्याला सोडणारं वाहन आदल्या दिवशी ठरवून ठेवा. संध्याकाळी दमलेल्या पायांनी उतरल्यावर आपली गाडी समोर दिसली पाहिजे. पुतणीला तुमच्या मागे चालायला सांगा. जो हळू त्याने पुढे राहायचं.

शेवंती
(तीन आठवड्यांनी)
जाऊन आलो. पूर्ण नाही झालं, पण लिहिते.

वेल्ह्यातून जीपने गुंजवण्यात, चालायला सुरुवात ५.२५. चोर दरवाज्याच्या रेलिंगवर उजाडलं. पद्मावती तळ्याशी पाणी भरलं, कुठे रेंगाळलो नाही. संजीवनीच्या टोकाला ९.२०. तिथवर मी खूश होते.

आळू दरवाज्याखालच्या उताराने मात्र हिशेब मोडला. गुडघा दुखायला लागला, म्हणून मी आडवी पावलं टाकत, दोन्ही काठ्या रोवत उतरले. एका जागी तर बसूनच सरकले. पुतणी मागे होती, एकदाही घाई केली नाही तिने. सोंडेवर आल्यावर पायांना सपाटी मिळाली आणि वारा इतका छान होता की दुखणं विसरले. डावी-उजवीकडे दोन्ही खोरी, मागे राजगडाचा बालेकिल्ला, पुढे तोरणा. एवढं मोठं काही मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिलंय.

डांबरी रस्त्यावर घड्याळात १.२०. पुतणी म्हणाली, काकू, अजून पाच तास उजेड आहे. मलाही जायचंच होतं. तोरणा खरंच हाताला लागेलसा दिसतो. पण तुमच्या मेहुण्यांच्या पोटऱ्या आठवल्या आणि वळलो. रस्त्याकडेला बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, कुसळं काढली. तासाभराने दुधाचे कॅन नेणारा एक टेम्पो आला, त्या दादांनी मागे बसवून वेल्ह्यात सोडलं. चार लिटरमधलं सव्वा लिटर पाणी उरलं होतं.

आता उरलेला अर्धा भाग फेब्रुवारीत करायचा आहे, त्याच रस्त्यापासून बुधला, मग मेंगाई, मग वेल्हे. सकाळी सातला खिंडीत सोडेल असं वाहन मिळेल का, वेल्हेकर?

वेल्हेकर
मिळेल ताई, आदल्या संध्याकाळी स्टँडसमोर विचारा. फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं, वणवे लागतात. धूर दिसला तर त्या दिवशी चढू नका. पाणी पूर्ण चार लिटर घरूनच आणा, झापावर तोवर कमी झालेलं असतं.

कारवी
शेवंतीताई, वळलात हे वाचून फार बरं वाटलं. फेब्रुवारीत जागा असेल तर मीही येतो. मेहुण्यालाही विचारतो, त्याला त्या मावशींना भेटायचंय.