अपुऱ्या दिवसांचे बाळ : आशा कितपत धरावी?

प्रश्न (एक वडील, तासगाव): आमची मुलगी २९व्या आठवड्यात जन्मली, वजन १,१५० ग्रॅम. आज बारावा दिवस असून ती मिरजेत अतिदक्षता विभागात आहे. बारशाचा विषय घरात कोणी काढत नाही. आशा धरावी का, आणि आम्ही काय करावे?

उत्तर (परिचारिका, सांगली): दादा, जरूर धरावी. १९६३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांचा, केनेडी यांचा, साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा फुप्फुसे अपक्व असल्यामुळे दोन दिवसांच्या आत गेला. आज सर्फॅक्टंट (फुप्फुसे उघडी ठेवणारे औषध) आणि सीपॅपमुळे (नाकावाटे सतत दाबाने हवा देणारे यंत्र) त्याहून पुष्कळ लहान बाळे घरी जातात. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा वहिनींनी आणि तुम्हीही बाळाला उघड्या छातीशी धरावे. बोगोटामध्ये १९७०च्या दशकाअखेर सुरू झालेली ही कांगारू पद्धत जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सुचवते. आईचे दूध थेंबभर असले तरी काढून द्यावे, कारण ते आतड्यांच्या गंभीर आजारापासून संरक्षण देते.

उत्तर (एक आई, वाई): माझा मुलगा २८व्या आठवड्यातला, आता पहिलीत आहे. वजन मध्येच घटायचे, श्वास थांबायचा, आणि त्या रात्री मला अजून आठवतात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी साधारण चौथ्या आठवड्यात होते, ती मुळीच चुकवू नका. बसणे, चालणे मोजताना प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासूनचे वय धरा. आणि तिचे नाव आजच ठेवा. आम्ही काचेबाहेरून नावानेच हाक मारत असू.