मदत हवी आहे: आजीला नसलेली माणसं दिसतात

नमस्कार मंडळी. मॅक्युलर डीजनरेशनमुळे (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजण्याचा आजार) आजीची नजर बरीच गेली आहे. हल्ली संध्याकाळी तिला भिंतीवर जाळीची नक्षी आणि फेटे बांधलेली वीतभर माणसं दिसतात. आवाज अजिबात नाही. बुद्धी तल्लख, पेन्शनचा हिशोब तोंडपाठ.

डॉक्टर म्हणाले, चार्ल्स बॉनेट सिंड्रोम. डोळ्यांकडून माहिती कमी आली की मेंदूतला दृष्टीचा भाग स्वतःच चित्रं रचतो. ज्याच्या नावावरून हे नाव पडलं, त्या बॉनेटने १७६० मध्ये स्वतःच्या आजोबांबद्दल हेच लिहिलं होतं. हा वेडेपणा नाही! तरी आत्या बाहेरची बाधा समजून उतारा काढते, आणि आजी बिचारी आता काही सांगतच नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

दिवा लावला, नजर भराभर डावी-उजवीकडे फिरवली की चित्रं कधीकधी जातात. तुमच्या घरी कोणाला असं झालंय का? आणखी काय उपयोगी पडलं? आत्याला कसं समजावू?